फोनवरची पाटी

(प्रौढ साक्षरता वर्गापुढे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



आपल्याकडे म्हणतात, बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं. धंदा लहान असो की मोठा, गिऱ्हाइकाला आपला पत्ता कळलाच पाहिजे, हे खरं. पण या म्हणीतली एक गोष्ट अर्धीच खरी आहे. ती मला उतारवयात, स्वतःच्या चुकीने कळली. तीच आज सांगतो.

आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे. तिथे प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचं धरण आहे. ते १९२६ साली पुरं झालं. मे महिन्याच्या अखेरीस वळवाचा पाऊस पडू लागला, की धरणाभोवतीच्या रानात काजवे चमकू लागतात. हिरडा, बेहडा, सादडा ही झाडं रात्री उजळून निघतात. मोठा पाऊस सुरू झाला, की काजवे दिसेनासे होतात. सारा खेळ थोड्या आठवड्यांचा. तेवढ्यासाठी पुण्या-मुंबईची, नाशिकची माणसं येतात. कुणी तंबूत राहतं, कुणी गावकऱ्यांच्या घरी.

माझी एक जुनी विद्यार्थिनी तिथे राहते. चौथीनंतर तिची शाळा सुटली. पुढे नवरा वारला. पदरात दोन मुलं, आणि शेती पावसावरच्या भाताची. तिने घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवल्या. जेवायला नागलीची भाकरी, पिठलं आणि भात. पण गिऱ्हाईक आणायचा एक दलाल. तो पाहुण्याकडून हजार रुपये घेई आणि हिच्या हातावर चारशे ठेवी. हिचा फोन नंबर तो कुणाला कळू देत नसे.

एकदा ती मला म्हणाली, "गुरुजी, माणसं माझ्या घरी जेवून जातात, पण माझं नाव कुणाला ठाऊक नसतं."

मग आम्ही बसलो. तिच्या मुलाच्या फोनवरून गूगलच्या नकाशात तिच्या घराची जागा नोंदवली. या नोंदीला पैसे पडत नाहीत. जागा खरी आहे ना, हे मात्र ते तपासतात. आम्हाला घराचा आणि दारावरच्या पाटीचा व्हिडिओ काढून पाठवावा लागला. नाव मराठीत लिहिलं आणि इंग्रजीतही, कारण शोधणारे दोन्ही तऱ्हेने शोधतात. जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, तरी पुष्कळ लोक अजून अहमदनगर म्हणूनच शोधतात. म्हणून मजकुरात दोन्ही नावं घातली. व्हॉट्सॲप बिझनेसवर खोल्यांचे फोटो आणि दर टाकले. तेही फुकट.

इथवर ठीक झालं. पण मजकूर लिहिला मी! जन्मभर मुलांचे निबंध तपासलेला माणूस. मी लिहिलं, "पावसाळाभर काजव्यांचा लखलखाट!" फोटोही दुसऱ्याच कुणाचा तरी उचलून लावला.

जुलैत ठाण्याहून एक कुटुंब आलं. पाऊस धो धो. रान काळंकुट्ट. काजवा एकही नाही. त्यांची लहान मुलगी रडू लागली. परत गेल्यावर त्यांनी नोंदीखाली शेरा लिहिला, "जेवण चांगलं आहे, पण इथे फसवतात."

असा शेरा आपल्याला आपल्या हाताने पुसता येत नाही. येऊ पाहणारं प्रत्येक गिऱ्हाईक तो वाचतं. पंधरा दिवस फोन वाजला नाही. खोटं मी लिहिलं, आणि चूल तिची थंडावली.

तिने तो शेरा अक्षर अक्षर लावत स्वतः वाचला. मग म्हणाली, "गुरुजी, आता मीच लिहिते."

शेऱ्याखाली उत्तर लिहिता येतं. तिने लिहिलं, "चूक आमची आहे. काजवे मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत दिसतात. पाऊस लवकर आला तर लवकर जातात. निघण्याआधी फोन करा. असतील तर असतील म्हणेन, नसतील तर नाही म्हणेन." त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. मी त्या दुरुस्त केल्या नाहीत. उचललेला फोटो काढला, आणि मुलाने आपल्या अंगणाचा फोटो लावला.

ते कुटुंब पुन्हा आलं नाही. पण पुढच्या मे महिन्यात दुसरे पाहुणे आले. त्यांतले एक गृहस्थ मला म्हणाले, "चूक कबूल करणारं घर दिसलं, म्हणून इथे आलो." आज हजारातले चारशे नाहीत, पुरते हजार तिच्या घरात राहतात.

मंडळी, तुमचं दुकान शिवणाचं असो, पापडाचं असो, की रसवंतीचं. तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली. नाव, जागा, वेळ, दर आणि फोन नंबर, एवढं नीट लिहा. फोटो आपल्याच मालाचा लावा.

दुसरी. गिऱ्हाइकाने लिहिलेलं रोज वाचा आणि उत्तर द्या. वाईट शेऱ्यावर भांडू नका.

तिसरी. गिऱ्हाईक म्हणून फोन करून कुणी म्हणेल, "पैसे पाठवतो, कोड स्कॅन करा, पिन टाका." मुळीच टाकू नका. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. फसलात तर ताबडतोब १९३० या नंबरावर फोन करा.

ही तिन्ही कामं दुसऱ्याच्या डोळ्यांनी होत नाहीत. दुसऱ्यावर सोपवली, तर एखादा दलाल भेटेल, नाहीतर माझ्यासारखा गुरुजी भेटेल!

आता त्या म्हणीविषयी. बोलणाऱ्याची माती खपते खरी, पण एकदाच खपते. दुसऱ्यांदा गिऱ्हाईक यायचं, तर माल आणि बोल दोन्ही खरे हवेत.

आज घरी गेल्यावर पाटी घ्या. आपल्या धंद्याविषयी चार ओळी लिहा. चारही खऱ्या असू द्या. उद्या त्या वर्गात वाचू, आणि मग फोनवर चढवू.