ख्रिस्तपुराणाची ओवी : चौथ्या चरणाचे सामर्थ्य



फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’तल्या मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या चार ओव्या आपल्यापैकी अनेकांच्या वाचनात आल्या असतील. रत्न, मोगरी, कस्तुरी, मोर, कल्पतरू अशा उपमांची त्यांत रांग लागली आहे. भाषाभिमानाचा दाखला म्हणून आपण त्या वाचतो आणि पान उलटतो. आज त्यांची बांधणी आपल्यापुढे उलगडायची आहे. या परदेशी कवीची भक्ती मला तिथेच सर्वांत जवळून भेटते.

स्टीफन्स इंग्रज जेझुइट. १५७९ मध्ये ते गोव्यात आले आणि १६१९ मध्ये तिथेच वारले. त्यांची बरीचशी हयात साष्टी प्रांतात गेली. पुराण १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले, तेही रोमन लिपीत. ओव्या दहा हजारांहून जास्त. ग्रंथाच्या आरंभी एक श्रोता गाऱ्हाणे घालतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग तशीच दुसरी आम्हांला का देत नाही? ज्यांच्या कानांची पुराणश्रवणाची सवय तुटली होती, त्यांच्यासाठी हे काव्य झाले. ते मोठ्याने वाचायचे आणि बसून ऐकायचे. म्हणून त्याची परीक्षाही कानानेच करायला हवी.

आता ओवी पाहू. ज्ञानेश्वरीच्या वळणाच्या ग्रंथांतल्या ओवीला चार चरण. पहिले तीन यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि बहुधा यमकाबाहेरचा. अक्षरांचा हिशेब सैल. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त ओवी-अभंगांना वृत्त आणि जाती यांपासून वेगळे काढून ‘छंद’ या वर्गात ठेवले, कारण इथे लघु-गुरूचा काच नाही. या सैलपणाचा फायदा कवीला घेता आला पाहिजे. स्टीफन्स यांनी तो कसा घेतला ते पाहा.

पहिल्या ओवीतली अक्षरे मोजली तर अकरा, नऊ, नऊ आणि पाच भरतात. दुसरीत अकरा, दहा, नऊ, चार. पाठभेदाने एखादे अक्षर इकडेतिकडे होईल, पण चाल स्पष्ट आहे. चरण उतरत जातो आणि शेवटच्या लहानशा पायरीवर आपण येऊन थांबतो. त्या पायरीवर काय ठेवले आहे? दर वेळी मराठीचे नाव. कधी साधे, कधी विभक्तीचा प्रत्यय घेऊन. पण चारही ओव्यांत ते चौथ्या चरणातच येते. मोगरी, कस्तुरी, साजिरी हे शब्द एकमेकांशी नाद जुळवतात. मराठीचे नाव त्या जुळणीत सामील होत नाही. सगळी उपमाने यमकात गुंफली जातात आणि जिची स्तुती चालली आहे ती यमकाबाहेर एकटी उभी राहते. तीन जुळलेल्या चरणांनंतर कान चौथ्या नादाची वाट पाहत असतो. तो नाद येत नाही, नाव येते, आणि म्हणूनच ते मनात राहते.

पुनरुक्तीचे काम याहूनही बारीक आहे. पहिल्या दोन ओव्यांत ‘जैसी’ने आरंभ, मध्ये ‘कि’, तिसऱ्या चरणाच्या तोंडाशी ‘तैसी’. दोनदा ऐकले की श्रोत्याला साचा पाठ होतो. तिसऱ्या ओवीत कवी ‘जैसी’ही गाळतो आणि ‘तैसी’ही. मोर आणि कल्पतरू नुसते समोर मांडतो; तुलना श्रोता स्वतःच पुरी करतो. चरणही इथे आठ-नऊ अक्षरांवर आले आहेत, चाल द्रुत झाली आहे. मग चौथी ओवी. तिथे ‘तैसी’ परत येते, पण तोंडाशी नाही. तिसऱ्या चरणाच्या अगदी शेवटी, यमकाच्या जागी, ‘रासी’ आणि ‘ससी’ यांच्या जोडीला बसते. आतापर्यंत निव्वळ सांधा असलेला शब्द आता नाद होतो. चरणही उलटे वाढत जातात: आठ, दहा, अकरा, आणि शेवटचा सहा. उतरत आलेली लय शेवटी पसरते. स्तोत्र म्हणणारा माणूस अखेरच्या कडव्याला आवाज लांबवतो, तेच इथे अक्षरांत घडले आहे. हा योगायोग मी मानत नाही. ज्याने जन्मभर प्रार्थना मोठ्याने म्हटल्या, त्याच्या जिभेची ही जाण आहे.

कथनाच्या ओघात अशी कलाकुसर दर ओवीला मिळणार नाही. लांब आख्यानात ओवीचे यमक क्रियापदांच्या प्रत्ययांवरही भागते, आणि त्यात उणेपण नाही. सारे पुराण इतक्या दाट विणीचे असते तर ऐकणारा थकला असता.

ही परंपरा पुढे सरळ वाहिली नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेवर बंदी घातली. पुराण हस्तलिखितांतून जगले. जे. एल. साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापले. इकडे इंग्रजी अमलात मराठी चर्चमध्ये पाश्चात्त्य चालींवर बसवलेली गीते आली. त्या चाली इंग्रजी आघातांवर चालतात. मराठी शब्दाला तसा आघात नाही, त्यामुळे शब्द नको तिथे तुटतो आणि ऱ्हस्व अक्षर उगाच ताणले जाते. रेव्हरंड ना. वा. टिळकांचे मोठेपण इथे ध्यानात येते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. अभंगाची सहा-सहा-सहा-चार अक्षरांची घडण त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी घेतली. तिथेही आखूड चौथा चरण आहेच, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत. टाळाबरोबर म्हणताना शब्द कुठे मोडत नाही. सुंदर चालीवर अवघडून बसलेल्या भाषांतरापेक्षा असा एक साधा अभंग भक्तीच्या दृष्टीने मी थोर मानतो.

माझी एक विनंती आहे. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये ‘ख्रिस्तपुराणा’ची देवनागरी आवृत्ती काढली. त्या चार ओव्यांपाशी न थांबता तिच्यातला एखादा पुरा अवस्वर, म्हणजे अध्याय, घरात चार माणसे बसवून मोठ्याने वाचा, आणि दर ओवीच्या चौथ्या चरणाला क्षणभर थांबा.