दोन्ही बंदुकांना एकच प्रश्न
(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



‘मानवतावादी कायदा’ म्हटलं की वाटतं, हे वकिलांचं काम, जिनिव्हातल्या मोठ्या लोकांचं काम. आपण बायकांनी त्यात काय बोलायचं? मलाही बरीच वर्षं तसंच वाटे. आज मी नेपाळबद्दल बोलणार आहे, आणि त्या निमित्ताने माझ्या एका चुकीबद्दलही.

फेब्रुवारी १९९६ मध्ये नेपाळच्या माओवाद्यांनी ‘जनयुद्ध’ पुकारलं. नोव्हेंबर २००६ मध्ये शांतता करार झाला. मधल्या दहा वर्षांत तेरा हजारांहून जास्त माणसं मेली, तेराशेहून जास्त बेपत्ता झाली. मी सुरुवातीला भारावूनच गेले होते. माओवाद्यांच्या चाळीस मागण्यांत मुलींना वडिलांच्या संपत्तीत हक्क द्या, ही मागणी होती. डोंगरातल्या मुली घरचं जोखड झुगारून सैन्यात जात होत्या. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांनी छाननी करून १९,६०२ लढवय्यांची नोंद केली, त्यांत ३,८४६ स्त्रिया होत्या. म्हणजे पाचांत एक.

म्हणून झालं असं, की लष्कराने केलेल्या बलात्काराची बातमी आली की आम्ही लगेच निषेधाचं पत्रक काढायचो. माओवादी शाळेतली मुलं उचलून नेतात, घरटी एक माणूस मागतात, अशी बातमी आली की मी म्हणायची, ‘सरकारी प्रचार असेल,’ आणि कागद बाजूला ठेवायची.

२००४ साली एका बैठकीसाठी काठमांडूला गेले. तिथे पश्चिमेकडच्या डोंगरातली एक बाई भेटली. नवरा मुंबईत वॉचमन, घरी ती, सासू आणि दोन मुलं. तिने सांगितलं : रात्री हे येतात, जेवण मागतात. नाही म्हणायची सोय नाही. सकाळी ते येतात आणि विचारतात, कोणाला जेवू घातलंस? आपल्या गडचिरोलीत काम केलेल्या मैत्रिणींना हे नवीन वाटणार नाही. मग तिने आमचं हिंदीतलं पत्रक हातात घेतलं, नीट वाचलं, आणि मला विचारलं, ‘दिदी, तुम्ही कोणाच्या बाजूच्या?’ मी म्हटलं, ‘तुमच्याच.’ ती म्हणाली, ‘मग यात अर्धंच का लिहिलंय?’

मला उत्तर देता आलं नाही. परत आल्यावर मी हा कायदा पहिल्यांदा मुळातून वाचला.

१९४९ च्या चारही जिनिव्हा करारांत तिसरं कलम सारखंच आहे. देशांतर्गत युद्धासाठी ते आहे. नेपाळने हे करार १९६४ मध्येच स्वीकारले होते. हे कलम युद्ध न्याय्य की अन्याय्य, हे विचारतच नाही. ते एवढंच विचारतं : जी लढत नाही, जिने शस्त्र खाली ठेवलं, जी जखमी आहे, जी तुमच्या ताब्यात आहे, तिच्याशी तुम्ही कसे वागलात? ठार मारायचं नाही, छळायचं नाही, ओलीस धरायचं नाही, अब्रूवर हात टाकायचा नाही, रीतसर न्यायालयाशिवाय शिक्षा द्यायची नाही. जखमींना उचलून औषधपाणी करायचं. आणि हे संघर्षातल्या ‘प्रत्येक पक्षाला’ लागू आहे. ‘त्यांनी पाळलं नाही, मग आम्ही का पाळावं?’ ही सबब इथे चालत नाही. सरकारांना भीती वाटते की असं म्हटलं तर बंडखोरांना मान्यता मिळेल. पण त्याने कुणाचाही कायदेशीर दर्जा बदलत नाही, असं त्याच कलमात लिहिलेलं आहे.

आता दोन घटना शेजारी शेजारी ठेवून बघा. १७ ऑगस्ट २००३. रामेछाप जिल्ह्यातलं दोरंबा. तिकडे वाटाघाटी चालू होत्या आणि इकडे लष्कराने ताब्यात घेतलेल्या एकोणीस जणांना मारून टाकलं. लष्कर म्हणालं, चकमक झाली. नेपाळच्या राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने चौकशी केली, तेव्हा हात बांधून गोळ्या घातल्याचं पुढे आलं. दुसरी घटना ६ जून २००५ ची, चितवन जिल्ह्यातल्या माडीची. माओवाद्यांनी पेरलेल्या सुरुंगाने प्रवाशांनी भरलेली बस उडाली, पस्तीसहून जास्त माणसं गेली. बसमध्ये काही सैनिकही होते. पण चार सैनिक बसले म्हणून बायकापोरांनी भरलेली अख्खी बस लक्ष्य होत नाही. नेत्यांनी नंतर चूक कबूल केली. पण चूक कबूल करणं म्हणजे न्याय नव्हे. ज्यांनी दोरंबावर आवाज उठवला त्यांनी माडीवरही उठवायला हवा होता, आणि ज्यांनी माडीवर उठवला त्यांनी दोरंबावर.

दोन्हीकडे बोट दाखवलं म्हणजे दोघांचा अपराध सारखा मोजला, असं नव्हे. राज्यसंस्थेकडे तुरुंग, न्यायालय, वर्दी असते, तिची जबाबदारी मोठीच. पण मोजमापाची पट्टी एकच हवी.

आणि बायकांचं काय झालं? त्या काळी नेपाळमध्ये बलात्काराची तक्रार पस्तीस दिवसांत करावी लागे. टेकडीवर लष्कराची छावणी, जंगलात दुसरे बंदूकवाले. अशा गावातून बाई पस्तीस दिवसांत पोलिसांत जाईल कशी? युद्धानंतर पीडितांना अंतरिम मदत मिळाली, पण लैंगिक अत्याचार सोसलेल्यांना त्या यादीत जागाच नव्हती. काव्रे जिल्ह्यात सैनिक एका बाईला शोधत आले. ती सापडली नाही, म्हणून तिच्या पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन गेले. फेब्रुवारी २००४ मध्ये ती मुलगी बराकीत छळाने मेली. लष्करी न्यायालयाने अधिकाऱ्यांना दिली सहा महिन्यांची शिक्षा. आई थांबली नाही. २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयाने तिघांना जन्मठेप सुनावली, तीही ते हजर नसताना. सत्यशोधन आयोगाच्या कायद्यात दुरुस्ती व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडलं. बलात्कार व गंभीर लैंगिक हिंसा हे गंभीर उल्लंघन असल्याचं त्यात लिहिलं गेलं. बायकांच्या चिकाटीशिवाय एवढंही झालं नसतं.

मग आपण करायचं काय? पहिलं, नोंद. तारीख, जागा, वर्दी, किती जण, कोणत्या वाहनाने. ऐकीव वेगळं, पाहिलेलं वेगळं. बाईचं नाव तिच्या संमतीशिवाय कुठेही नाही, आणि वही अशा घरात नाही जिथे धाड पडेल. दुसरं, मागणी लेखी आणि दोघांकडेही. नेपाळमध्ये शाळा हे ‘शांतिक्षेत्र’ माना, अशी मोहीम चालली. शाळेत छावणी नको, सभा नको, मुलांची उचल नको, असं दोन्ही बाजूंना सांगितलं गेलं. तिसरं, रेडक्रॉससारख्या निःपक्ष संस्थेला आत येऊ द्या, असा आग्रह. कैद्यांना भेटायला बाहेरचं माणूस येणार आहे एवढं कळलं तरी कोठडीतला हात थोडा आखडतो. चौथं सगळ्यात अवघड : ज्यांच्याबद्दल आपल्याला आपुलकी आहे त्यांना प्रश्न विचारणं. शत्रूला विचारणं सोपं असतं.

‘यामुळे चळवळ कमकुवत होईल,’ असं मला आपल्याच लोकांनी ऐकवलं. मी म्हटलं, अर्ध्या सत्यावर उभी राहिलेली चळवळ आधीच कमकुवत आहे.

परत आल्यावर आम्ही ते पत्रक पुन्हा छापलं. या वेळी दोन्ही बाजूंची नावं घालून. काही जुने सोबती बोलेनासे झाले. पण त्या बाईच्या हातात ते द्यायला आता मला संकोच वाटला नसता.