न दुखणारी गाठ



छातीतली गाठ दुखत नाही, म्हणून आपण बायका ती पदराआड ठेवतो. बहुतेक गाठी साध्याच निघतात हे खरे. पण कर्करोगाची गाठ गुपचूप काय करते, ते ऐका.

स्तनात दुधाच्या नळ्या असतात, त्यांभोवती पातळ पडदा असतो. रोगट पेशी पडद्याआड आहेत तोवर रोग जागच्या जागी. पलीकडे कोलॅजेनच्या चिवट धाग्यांची वीण. ती तोडायला पेशीपाशी एन्झाइम असते. कच्च्या पपईने मटण लवकर शिजते ना, तेही एन्झाइमचेच काम! पण पपई सगळीकडे पसरते. हे एन्झाइम पेशीच्या अंगावरच रोवलेले, म्हणून पेशी पाय टाकील तेवढीच वाट कातरली जाते. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९४ साली ओळखले.

गंमत अशी, की जखम भरताना, हाडे वाढताना शरीरही हीच कातर वापरते. म्हणून १९९० नंतर ही एन्झाइमे सरसकट बंद करणारी औषधे देऊन पाहिली, तेव्हा रोग्यांचे सांधे दुखू लागले, आणि रोग काही हटेना.

हाताला लागणाऱ्या रोगट गाठीने बहुधा पडदा ओलांडलेला असतो. तरी ती काखेत, हाडांत पोचण्याआधी कापून काढता येते. डॉक्टरांकडे एकटीने जायचा संकोच वाटेल तिने मला हाक मारावी. मी बरोबर येईन.