दुहेरीला कोर्ट द्या



आपल्या प्रशिक्षकांच्या सभेत अध्यक्षांनी वर्षाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. निकाल, क्रमवारी, नवी सभागृहं हे सगळं कार्यवाहांच्या अहवालात आहे आणि तो तुमच्या हातात आहे. मला आज एकाच विषयावर बोलायचं आहे. आपण दुहेरी शिकवत नाही. एकेरीत जी मुलं मागे पडतात त्यांच्या जोड्या लावतो आणि त्यालाच दुहेरी म्हणतो.

बॅडमिंटनच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत भारतीय महिलांना पहिलं पदक कुणी मिळवून दिलं, असं मी नव्या प्रशिक्षकांना नेहमी विचारते. बहुतेकांच्या तोंडी सिंधूचं नाव येतं. सिंधूचं पहिलं पदक २०१३ चं. त्याच्या दोन वर्षं आधी लंडनला ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी महिला दुहेरीत कांस्य जिंकलं होतं. १९८३ मध्ये प्रकाश पदुकोण यांनी मिळवलेल्या कांस्यानंतर देशाला या स्पर्धेत मिळालेलं ते पहिलंच पदक. अठ्ठावीस वर्षांनी आलेलं पदक आपल्याच माणसांना आठवू नये, याचं मला फार वाईट वाटतं.

ज्वालाचा जन्म आपल्या वर्ध्याचा. घडली ती हैदराबादला, एस. एम. आरिफ सरांच्या हाताखाली. डावखुरी, अंगात ताकद, नेटवर निर्भय. २००० साली, वयाच्या सतराव्या वर्षी, श्रुती कुरियनच्या साथीनं तिनं महिला दुहेरीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. व्ही. दिजूबरोबर २००९ मध्ये ती मिश्र दुहेरीत वर्षअखेरच्या सुपर सीरिज मास्टर्सच्या अंतिम फेरीत पोहोचली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत अश्विनीबरोबर सुवर्ण, पुढच्या वर्षी जागतिक कांस्य, आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला ती महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी अशा दोन प्रकारांसाठी पात्र ठरली.

त्या ऑलिंपिकमध्ये ज्वाला-अश्विनीनं गटात तैवान आणि सिंगापूरच्या जोड्यांना हरवलं. तीन जोड्यांचे दोन-दोन विजय झाले आणि आपल्या मुली गुणांच्या फरकावर बाहेर पडल्या. गटात ज्या जपानी जोडीकडून त्या हरल्या, तिनं पुढे रौप्य जिंकलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुष दुहेरीत नेमकं तेच झालं. सात्त्विकसाईराज आणि चिराग शेट्टी यांनी तीनपैकी दोन सामने जिंकले, तरी त्यांना उपांत्यपूर्व फेरी गाठता आली नाही. गटात त्यांनी हरवलेली ली यांग-वांग ची-लिन ही तैवानची जोडी सुवर्णपदक घेऊन गेली. पदकाच्या इतक्या जवळ पोहोचणाऱ्या जोड्या आपल्याकडे होत्या. त्यांच्यामागे उभं राहायला आपण नव्हतो.

ज्वाला वर्षानुवर्षं जाहीरपणे सांगत होती की दुहेरीकडे लक्ष द्या, स्वतंत्र प्रशिक्षक द्या. आपण तिच्या स्वभावावर पुष्कळ बोललो, मागणीवर बोललो नाही. पुढे मलेशियाचे तान किम हर भारतात दुहेरीचे प्रशिक्षक म्हणून आले. अमलापुरमचा सात्त्विक आणि मुंबईचा चिराग, दोघेही उंच, दोघेही मागून जोरात मारणारे. तान यांनी या दोघांना एकत्र आणलं. त्यानंतर काय झालं? २०२२ च्या थॉमस चषकाच्या अंतिम लढतीत पहिला गेम गमावून, दुसऱ्यात मॅच पॉइंट वाचवून या जोडीनं इंडोनेशियाविरुद्धचा सामना १८-२१, २३-२१, २१-१९ असा फिरवला. २०२३ मध्ये दुबईत आशियाई विजेतेपद मिळवलं. त्याआधी भारताला ते १९६५ मध्ये दिनेश खन्ना यांनी मिळवून दिलं होतं. त्याच वर्षी हांगझोऊला आशियाई क्रीडा स्पर्धेतलं भारतीय बॅडमिंटनचं पहिलंवहिलं सुवर्ण आणि मग जागतिक क्रमवारीत पहिलं स्थान.

काल दुपारच्या चर्चेत काही सहकाऱ्यांनी आग्रहानं मांडलं की सोळाव्या वर्षापर्यंत फक्त एकेरी खेळवावी, दुहेरी नंतर आपोआप येते. येत नाही. माझ्याकडे असाच एक गुणी मुलगा आला होता, एकेरीत तयार झालेला. जोडीदार शेजारी असूनही तो प्रत्येक फटक्यानंतर कोर्टाच्या मध्यावर यायचा. ड्राइव्ह मारायची तिथे शटल उचलून द्यायचा. त्याचे पाय एकट्याचे झाले होते. त्याच सुमारास मी दोन लहान मुलींना सुरुवातीपासून एकत्र शिकवत होते. एक मागे सरकली की दुसरी न सांगता नेटवर असायची. त्या मुलाला जे महिनोन्‌महिने जमलं नाही, ते त्यांना हाक न मारता जमत होतं.

हा खेळच निराळा आहे. दुहेरीत कोर्ट ५.१८ मीटरऐवजी ६.१० मीटर रुंद होतं, पण सर्व्हिसची मागची रेषा ७६ सेंटिमीटर आत येते. त्यामुळे उंच सर्व्हिस केली की समोरचा तुटून पडतो. सर्व्हिस, परतीचा फटका आणि तिसरा फटका यांवरच बहुतेक रॅलींचा रोख ठरतो. हे तीन फटके आपण आपल्या सरावात किती वेळ घोटून घेतो?

दुहेरीनं एकेरी बिघडते, हाही आक्षेप काल आला. सांगलीच्या नंदू नाटेकरांनी राष्ट्रीय स्पर्धेत एकेरीची सहा, पुरुष दुहेरीची सहा आणि मिश्र दुहेरीची पाच विजेतेपदं मिळवली. त्यांची एकेरी बिघडली होती का?

एका जिल्हा स्पर्धेत हॉल दुपारी रिकामा करायचा म्हणून संयोजकांनी लहान गटाची दुहेरी ऐनवेळी रद्द केली. मी एकत्र शिकवत होते त्या दोन मुली एसटीनं पहाटे निघून आल्या होत्या. त्यांच्यातल्या एकीचे वडील मला म्हणाले, ‘मॅडम, हिला एकेरीतच ठेवा. दुहेरीला इथं कोण विचारतं?’ पुढच्या हंगामात ती जोडी फुटली. त्यांच्याइतकी समज असलेली जोडी मला नंतर मिळाली नाही.

म्हणून माझी मागणी आहे. तेरा वर्षांखालच्या मुलांना आठवड्यातून काही दिवस दुहेरीसाठी राखीव कोर्ट द्या. जोड्या दोन-तीन हंगाम तरी मोडू नका. दुहेरी वगळणाऱ्या स्पर्धेला आपण मुलं पाठवणं बंद करूया. लहान मुलांसाठी दुहेरीचा अभ्यासक्रम तयार करायला मी बसणार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी आज जेवणानंतर मला भेटावं. तपशील पुढे ठरवू.

ज्वालानं मागितलं ते तिच्या वेळी आपण दिलं नाही. आज आपल्या कोर्टावर उभ्या असलेल्या मुलींना ते मागायला लागू नये, एवढी जबाबदारी या सभागृहातल्या प्रत्येकानं घ्यावी. मी ती घेतली आहे.