दुकान कुणी बंद केलं?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



मागच्या महिन्यात वस्तीतल्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "आपण दहा वर्षं अर्ज करत बसलो. त्या पोरांनी आठवड्यात देशी दारूचं दुकान बंद पाडलं." पोरं म्हणजे एका धार्मिक संघटनेची. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. पण पंजाब आठवला. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पंजाबात सशस्त्र खलिस्तानवादी गटांनी 'समाजसुधारणे'ची फर्मानं काढली. दारूची दुकानं बंद करा. हुंडा घेऊ नका. वऱ्हाडात अकराच माणसं न्या. यातली कुठली मागणी आपली नाही? काही ठिकाणी लोकांनी स्वागतही केलं. मग पुढची फर्मानं आली. मुलींनी सलवार-कमीजच घालावी, डोकं झाकावं. न ऐकणाऱ्यांना बंदुकीचा धाक. दारू बंद करणारा हात आता पोरीच्या ओढणीपर्यंत पोचला होता.

हे एका रात्रीत घडलं नाही. इंग्रजांनी जनगणनेत माणसं धर्मावर मोजली, फौजेत केसधारी शिखांच्या वेगळ्या तुकड्या केल्या, १९१९ च्या कायद्यानं शिखांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. १९४७ मध्ये पंजाब मधोमध चिरला गेला. त्या मार्चमध्ये रावळपिंडीजवळच्या थोआ खालसा गावात सुमारे ९० बायकांनी 'अब्रूसाठी' विहिरीत उड्या घेतल्याचं सांगतात. समाजानं त्यांना शहीद म्हटलं. त्यातल्या किती जणींनी मनानं उडी घेतली, हे विचारायला उर्वशी बुटालियांसारख्या बाईला पुढे यावं लागलं.

स्वातंत्र्यानंतरच्या मागण्या मात्र ऐहिक होत्या. आपल्याला भाषेचं राज्य १९६० मध्ये मिळालं, पंजाबी भाषकांना १९६६ मध्ये, कारण त्यांची भाषेची मागणी दिल्लीला धर्माचीच वाटत होती. चंदिगढ, नद्यांचं पाणी, राज्याचे अधिकार हे प्रश्न लोंबकळत राहिले. १९७३ च्या आनंदपूर साहिब ठरावात ते मांडलेले आहेत. मार्ग निघाला नाही, तेव्हा ती जागा धर्माच्या नावानं हत्यार उचलणाऱ्यांनी घेतली. त्यांनी बसमधून हिंदूंना उतरवून मारलं, विरोध करणाऱ्या शिखांनाही मारलं.

जून १९८४ मध्ये सुवर्णमंदिरात सैन्य घुसलं. ३१ ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली आणि पुढच्या काही दिवसांत एकट्या दिल्लीत, सरकारी आकड्यानुसार, २,७३३ शीख मारले गेले. १० ऑगस्ट १९८६ ला ही आग पुण्यात आली, निवृत्त लष्करप्रमुख अरुणकुमार वैद्यांचा खून झाला. पुढे पंजाबात पोलिसांनी उचललेली माणसं घरी परतेनाशी झाली. अमृतसर जिल्ह्यात गुपचूप केलेले २,०९७ अंत्यविधी सीबीआयच्या तपासात आढळले. ते प्रकरण उजेडात आणणारे जसवंतसिंग खालरा यांना १९९५ मध्ये पोलिसांनी उचललं आणि मारलं.

यातून न्याय कुणी खेचून आणला? परमजित कौर खालरांनी नवऱ्यासाठी खटला लढवला, २००५ मध्ये पोलिसांना शिक्षा झाली. दिल्लीत नवरा आणि मुलगा डोळ्यांदेखत गमावलेल्या जगदीश कौर साक्षीवर ठाम राहिल्या. २०१८ मध्ये सज्जन कुमारांना जन्मठेप झाली, ३४ वर्षांनी. दोघींनी रस्ता धरला तो कोर्टाचा.

त्या ताईंना आता मी काय सांगेन? दुकान बंद झालं याचा आनंद मलाही आहे. पण ज्यांनी ते बंद केलं, त्यांना उद्या आपण जाब विचारू शकू का? "माझी मुलगी काय घालेल ते मी आणि ती ठरवू," असं त्यांच्या तोंडावर म्हणता येईल का? येणार नसेल, तर ते दुकान आपण बंद केलेलं नाही.

आपल्याकडे आडव्या बाटलीच्या मतदानाची तरतूद आहे. सह्या गोळा करा, खेटे घाला, बायकांना मतदानाला बाहेर काढा. वेळ लागतो, दमायला होतं. पण तिथे निर्णय बायकांच्या मतानं होतो. पुढच्या रविवारी आपण सह्यांना सुरुवात करतोय. त्या ताईंच्या घरापासून.