मंगळाच्या घड्याळावर चाललेले संसार
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



नाटक रंगले की टाळ्या नटाला मिळतात; पडद्याचे दोर ओढणारा अंधारातच राहतो. अशाच दोर ओढणाऱ्यांची हकीकत आज आपणांपुढे ठेवीत आहे.

२००४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या ‘स्पिरिट’ व ‘ऑपॉर्च्युनिटी’ या दोन सहाचाकी यंत्रगाड्या मंगळावर उतरल्या. त्यांची सूत्रे कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथील जेट प्रपल्शन लॅबोरेटरीत होती. गाड्या सूर्यप्रकाशावर चालत. तेथे रात्र झाली की येथे माणसांनी दुसऱ्या दिवसाचे काम आखावयाचे आणि तेथे उजाडताच आज्ञा धाडावयाच्या, असा क्रम होता. परंतु मंगळाचा दिवस आपल्या दिवसाहून सुमारे ४० मिनिटांनी मोठा! त्यामुळे कामाची वेळ रोज तेवढी पुढे सरके. आज सकाळी आठला कामावर जाणारा मनुष्य अठरा दिवसांनी रात्री आठला निघे. खिडक्यांना काळे पडदे लागले. मंगळाची वेळ दाखविणारी मनगटी घड्याळेही तयार करविली गेली. शेजारी उठावेत आणि यांनी अंथरूण घालावे! ही ओढाताण कुटुंबीयांनीही सोसली, हे विसरता कामा नये.

२१ जानेवारीस ‘स्पिरिट’ अकस्मात अबोल झाली. दोन दिवसांनी तुटक उत्तर आले, तेव्हा कळले की तिचा संगणक पुनःपुन्हा बंद पडून सुरू होत आहे आणि रात्रीही न निजल्याने विद्युत्‌संचय खर्ची पडत आहे. स्मृतिकोशात फायलींची अतोनात गर्दी झाली होती. तज्ज्ञांनी तो कोश टाळून संगणक सुरू करविला, मग कोश साफ केला, आणि फेब्रुवारीच्या प्रारंभी गाडी पूर्ववत कामाला लागली. हात लावण्यास कोणी जवळ नव्हते. कोट्यवधी मैलांवरून केवळ बुद्धी आणि धीर पोहोचत होता.

२००६ साली तिचे एक चाक निकामी झाले. चालकांनी तिला उलटी चालवून ते चाक फरफटत नेले. २००७ मध्ये त्याच फरफटीने माती उकरली जाऊन खाली पांढरी, सिलिकायुक्त माती दिसली. प्राचीन काळी तेथे उष्ण पाणी वा वाफ असावी, याची ती खूण होय. व्यंगानेच धन दाखविले!

दोन्ही गाड्यांची मुदत अवघी ९० मंगळदिवसांची होती. ‘स्पिरिट’ २०१० पर्यंत बोलत राहिली. ‘ऑपॉर्च्युनिटी’ने ४५ किलोमीटरांहून अधिक वाटचाल करून १० जून २०१८ रोजी धुळीच्या वादळात अखेरचा संदेश धाडला.

आपल्या मुलांनी गगनाला जरूर हात लावावा. परंतु नाव न होणारे काम हलके मानू नये. आणि अशा कामावर जाणाऱ्यासाठी अवेळी चूल पेटविणाऱ्या माउलीलाही त्या यशाचा वाटा द्यावा, एवढीच विनंती करून आपली रजा घेतो.