दिवा पेटला म्हणजे काय बिघडलं?
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी सांगितलं, तुझ्या धंद्यातलं काही बोल. मी गॅरेजवाला. माझा आवाज बोनेटच्या आत चांगला लागतो, माइकवर नाही. म्हणून सोबत ही वस्तू आणली आहे. जेवणाच्या डब्याएवढी ॲल्युमिनियमची पेटी, एका बाजूला पिनाच पिना. हिला ईसीएम म्हणतात. इंजिनात डिझेल किती सोडायचं, केव्हा सोडायचं, हे ही पेटी ठरवते. ही पूर्ण चांगली आहे आणि २०१५ पासून माझ्या फळीवर पडून आहे. ती तिथे का आली, तेच सांगतो.

आपली १९९६ ची बॅच. दहावीनंतर मी आयटीआय केलं, मग नागपूरला गॅरेजात लागलो. तेव्हा कार्बोरेटरच्या गाड्या होत्या. गाडी कुंथत असेल तर उस्ताद कान लावायचे, प्लग काढून रंग बघायचे, जेट फुंकायचे. मग इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि मीटरमध्ये इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा आला. सुरुवातीच्या काही गाड्यांत दोन पिना तारेने जोडल्या की तो दिवा लुकलुकायचा. एकदा, थोडं थांबून दोनदा, म्हणजे बारा. आम्ही कागद-पेन घेऊन लुकलुक मोजायचो. उस्ताद म्हणायचे, ही गाडी आहे की तारघर?

आता तसं नाही. अमेरिकेत १९९६ पासून आणि आपल्याकडे २०१३ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-दोन लागू झालं. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात स्कॅनर लावला की कोड दिसतो. पहिलं अक्षर पी असेल तर इंजिन-गिअरचा मामला, सी म्हणजे ब्रेक-चासीसचा, बी बॉडीचा, आणि यू म्हणजे गाडीतल्या पेट्यांचं एकमेकींशी बोलणं तुटलं. पुढचा आकडा शून्य असेल तर तो कोड सगळ्या कंपन्यांना सारखा, एक असेल तर बहुधा त्या कंपनीचा स्वतःचा. एवढं कळलं की माणसाला वाटतं, आता आपण डॉक्टर झालो. मला वाटलं होतं.

२००९ मध्ये परत येऊन दिघोरीत गॅरेज टाकलं. आपल्या वर्गातला एक जण, नाव सांगत नाही, तिसऱ्या रांगेत बसून हसतो आहे, त्याने हप्त्यावर सात सीटची डिझेल गाडी घेतली होती. लाखांदूर-साकोली सवाऱ्या मारायचा, आणि दिवाळीनंतर मंडई सुरू झाली की रात्री नाटकाच्या सवाऱ्या. त्याचे वर्षाचे हप्ते त्या दोन-तीन महिन्यांत निघायचे.

२०१५ च्या डिसेंबरात तो आला. गाडी चालता चालता बंद पडते, दहा मिनिटांनी आपोआप सुरू होते. मी स्कॅनर लावला. तीन कोड एकदम. एक पी ०१०७, म्हणजे हवेच्या दाबाच्या सेन्सरचा सिग्नल फार कमी. दुसरा डिझेलच्या रेलमधल्या दाबाच्या सेन्सरचा, तोही कमी. तिसरा ॲक्सिलरेटर पेडलचा, तोही कमी. मी विचार केला, तीन सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत. तिघांचा सिग्नल जातो कुठे? ईसीएममध्ये. म्हणजे ईसीएम गेला.

विचार अर्धा बरोबर होता, हे आजही म्हणतो. तिघांत काहीतरी सामायिक होतं, हे खरं. पण सामायिक गोष्ट आणखी एक होती, आणि ती मी मोजली नाही. या सेन्सरांना ईसीएम एका तारेतून ५ व्होल्ट पुरवतो. त्या गाडीत या तिघांना एकाच ओळीतून पुरवठा होता. ती तार कुठे बॉडीला टेकली की ५ व्होल्ट शून्यावर येतात आणि तिघंही एकदम ओरडतात.

त्याने विचारलं, पक्कं ना? मी म्हटलं, पक्कं. पेटीचे एकोणतीस हजार. त्याने घरात ठेवलेलं धान विकलं. पेटी नुसती बदलून चालत नाही, चावीतल्या चिपशी तिची ओळख करून द्यावी लागते, त्यासाठी गाडी टो करून नागपूरला नेली. दोन दिवस तिकडे गेले. परत आली ती मस्त चालत. दिवा नाही, काही नाही. मी गॅरेजात चार लोकांना सांगितलं की बघा, याला निदान म्हणतात.

तिसऱ्या रात्री मंडईचं नाटक सुटल्यावर, पहाटे चारच्या सुमारास, गाडी दोन्ही बाजूला बांध्या असलेल्या रस्त्यावर बंद पडली. आत नऊ माणसं, त्यात लहान लेकरं. आपल्याकडची डिसेंबरची थंडी तुम्हाला माहीत आहे. लोकांनी धुऱ्यावरची तणस पेटवून शेकोटी केली. याने मला फोन लावला. ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "अबे, दिवा त पेटूनच हाये."

मी गेलो. स्कॅनरवर तेच तीन कोड. नवीन पेटी, जुनेच कोड. सवाऱ्यांना दुसऱ्या गाडीने पाठवलं, ही गाडी ओढून आणली, आणि तेव्हा कुठे मल्टीमीटर हातात घेतला. सेन्सरच्या प्लगवर ५ व्होल्ट पाहिजेत, तिथे ०.२. एकेक सेन्सर सोडत गेलो. एखादा सेन्सर आतून शॉर्ट असेल तर तो सोडल्याबरोबर ५ व्होल्ट परत येतात. तिन्ही सोडले तरी आले नाहीत. मग ईसीएमचा प्लग काढून तार आणि बॉडी यांच्यामधला ओहम मोजला. जवळजवळ शून्य. वायरिंग हलवलं, आकडा उडाला. पुन्हा हलवलं, पुन्हा शून्य.

इंजिनाच्या मागे एका ब्रॅकेटजवळ काळी नळी कुरतडलेली होती. उंदीर. आतल्या तारेचं तांबं उघडं पडून ब्रॅकेटला घासत होतं. गाडी उभी कुठे राहायची, तर खळ्यावर, धानाच्या पुंजण्याला लागून. मळणी झाली की उंदरांना ऊब पाहिजे, आणि नुकत्याच बंद केलेल्या इंजिनासारखी ऊब कुठे? पेटी बदलताना वायरिंग थोडं सरकलं, तांबं ब्रॅकेटपासून सुटलं, म्हणून दोन दिवस गाडी बरी चालली. माझी हुशारी ती एवढीच.

दुरुस्तीला दीड फूट तार, नळी आणि टेप. शंभर रुपयांच्या आत.

विजेचा सुटा भाग दुकानदार परत घेत नाही. जुनी पेटी चांगली निघाली, पण नव्याशी चावी जुळवलेली, म्हणून जुनी माझ्याकडे राहिली. मी त्याला म्हटलं, एकोणतीसच्या एकोणतीस देतो, हप्त्याने. तो घ्यायला तयार नव्हता. वहिनी तयार होत्या, आणि त्यांचंच बरोबर होतं. दीड वर्षात फिटले. त्यातलं पहिलं वर्ष त्याने गाडी माझ्याकडे आणली नाही. समोरून जायचा, हॉर्न द्यायचा, थांबायचा नाही. पैशापेक्षा तो हॉर्न मला जास्त लागायचा.

सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगतो. आठवीत तुम्ही प्रयोगाला बॅटरी दिली होती, बल्ब लागत नव्हता. मी लगेच दुसरा बल्ब मागितला. तुम्ही विचारलं, सेल पाहिला? तार पाहिली? मग बल्ब कसा काय मागतोस? आणि वर्गाबाहेर उभं केलं. एकोणतीस हजारांची पेटी मागवताना मला ते आठवायला पाहिजे होतं. आठवलं ते पहाटे, बोनेटखाली डोकं घातल्यावर.

आता थोडं तुमच्या कामाचं. इथे बाहेर वीस-पंचवीस गाड्या उभ्या आहेत. पिवळा दिवा स्थिर पेटला तर घाबरू नका, गाडी हळू चालवत गॅरेजपर्यंत न्या. पेट्रोल गाडीत तो लुकलुकत असेल तर इंजिन मिसफायर होतंय, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं, तेव्हा जोर देऊ नका. तेलाचा लाल दिवा मात्र जागेवरच थांबायचा. आणि कोणी बॅटरीची तार काढून दिवा घालवून देतो म्हटलं तर हात धरा. अनेक गाड्यांत कोडसोबत त्या क्षणाची नोंद असते, इंजिन किती फिरत होतं, किती गरम होतं, गाडीचा वेग किती होता. तार काढली की बहुतेक वेळा ती नोंदही गेली. आधी कोड लिहून घ्यायचा. मेकॅनिक पार्ट सांगेल तेव्हा विचारायचं, भाऊ, मोजलं काय? मलाही विचारा. राग येईल थोडा, पण विचारा.

माझ्या गॅरेजात आता नियम आहे. पोरांनी कोड वाचला की आधी वहीत व्होल्ट लिहायचे, मगच तोंडाने पार्टचं नाव काढायचं. एका पोराने परवा विचारलं, वहीच्या पहिल्या पानावर ०.२ का लिहून ठेवलंय? मी म्हटलं, चहा सांग.

ही पेटी मी शाळेच्या प्रयोगशाळेला देतो आहे. हेडमास्तरांनी परवानगी दिली आहे. आत्ता हातोहात मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या, फक्त पिना वाकवू नका. तिसऱ्या रांगेत जरा सांभाळून, तिथे पेटीचा जुना मालक बसला आहे. काल रात्री नागपूरहून मला त्यानेच आणलं, त्याच गाडीतून.